‘त्या इंजेक्शना’चे परीक्षण: बहिरेपणावरील जनुकोपचार आणि नॅनोकण

श्रवणतज्ज्ञ म्हणून काम करताना गेल्या दोन-तीन वर्षांत एक प्रश्न वारंवार समोर येऊ लागला आहे. मुलाच्या तपासणीचा अहवाल आई-वडील घडी करून पिशवीत ठेवतात, दारापर्यंत जातात, आणि मग वडील मागे वळून मोबाइल पुढे करतात. ‘‘मॅडम, ते इंजेक्शन आमच्या बाळाला चालेल का?’’ पडद्यावर बहुधा एखाद्या लहानग्याची चित्रफीत असते; मागून कोणी हाक मारते आणि ते मूल दचकून वळते. ती चित्रफीत मी अनेकदा पाहिली आहे आणि दरवेळी मलाही भरून येते, हे आधीच कबूल करते, म्हणजे पुढे मी जे कठोर लिहिणार आहे ते कोरडेपणाने लिहिले आहे असे कोणाला वाटू नये.

हे परीक्षण त्या इंजेक्शनाचे, म्हणजे बहिरेपणावरील जनुकोपचाराचे, आणि त्याच्या जोडीने ज्यांचे नाव हल्ली सर्रास घेतले जाते त्या नॅनोकणांचे, म्हणजे औषध आत वाहून नेण्यासाठीच्या अतिसूक्ष्म कणांचे आहे. एखादी वस्तू घेण्यापूर्वी आपण जे विचारतो तेच येथेही विचारायचे आहे: ती कोणासाठी बनली आहे, सांगितलेले काम ती करते का, किती काळ टिकते, आणि तिच्याऐवजी हाताशी दुसरे काय आहे.

यातला पहिलाच प्रश्न सर्वांत अवघड आहे, कारण ‘ऐकू येत नाही’ ही तक्रार एकच असली तरी तिच्यामागचे बिघाड नाना प्रकारचे असतात. कॉक्लिया हा आंतरकर्णातील अवयव वाटाण्याएवढा, गोगलगायीच्या शंखासारखा सुमारे अडीच वेढ्यांचा असतो. त्यात साडेतीन हजारांच्या आसपास आतल्या आणि सुमारे बारा हजार बाहेरच्या केसपेशी असतात. बाहेरच्या पेशी आलेल्या कंपनाला जोर देतात, तर आतल्या पेशी त्या कंपनाचा संदेश श्रवणतंतूच्या हवाली करतात. जन्मापूर्वी तयार झालेला हा साठा आपल्याला आयुष्यभर पुरवावा लागतो. पक्ष्यांच्या आणि माशांच्या कानांत मेलेल्या केसपेशींच्या जागी नव्या उगवतात. आपल्या कॉक्लियात तसे घडत नाही. मोठ्या आवाजाने, वयाने किंवा औषधाने या पेशी मेल्या असतील तर तो एक प्रकारचा बहिरेपणा झाला. पेशी जिवंत असूनही एखादे प्रथिन नसल्यामुळे त्या गप्प असतील तर तो अगदी निराळा. बहिरेपणाशी संबंध असलेली जनुके शंभराहून अधिक सापडली आहेत, आणि ज्या इंजेक्शनाविषयी पालक विचारतात ते त्यांपैकी एकाच जनुकासाठी आहे. त्या जनुकाचे नाव ओटोफ.

ओटोफ जनुकाचा आणि बहिरेपणाचा संबंध पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधील संशोधकांनी १९९९ मध्ये दाखवून दिला. या जनुकापासून ओटोफर्लिन नावाचे प्रथिन तयार होते. आतल्या केसपेशीच्या तळाशी रासायनिक संदेशाच्या सूक्ष्म पिशव्या असतात. आवाज आला की त्या फुटून संदेश तंतूकडे गेला पाहिजे, आणि हे काम ओटोफर्लिनवाचून होत नाही. आई आणि वडील दोघांकडूनही सदोष प्रत आली तर मूल जन्मतःच जवळजवळ पूर्ण बहिरे असते, मात्र त्याच्या कानाची रचना शाबूत असते. दुकान उघडे आहे, माल भरलेला आहे, फक्त गल्ल्यावर कोणी बसलेले नाही, अशी ही अवस्था असते, आणि म्हणूनच जनुकोपचाराची सुरुवात इथून करणे शहाणपणाचे ठरले.

ही अवस्था तपासणीच्या खोलीत कशी दिसते ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. बाळ झोपलेले असते. आधी ओएई चाचणी होते: कानात मऊ टोकाची बारीक नळी बसवायची, टिकटिक आवाज सोडायचा, आणि बाहेरच्या केसपेशींकडून परत येणारा क्षीण प्रतिध्वनी टिपायचा. ओटोफच्या बाळात बाहेरच्या पेशी ठणठणीत असल्यामुळे यंत्रावर हिरवी अक्षरे उमटतात, उत्तीर्ण. मग कपाळावर आणि कानांमागे इलेक्ट्रोड चिकटवून बेरा चाचणी करायची, म्हणजे आवाजाचा संदेश तंतूवरून मेंदूकडे निघाला की नाही ते पाहायचे. ज्याला ऐकू येते त्याच्या आलेखावर ओळीने उंचवटे दिसतात आणि त्यांतला पाचवा आम्ही बोट ठेवून शोधतो. ओटोफच्या बाळात आवाज नव्वद डेसिबलवर नेला तरी रेघ सपाटच राहते. एक यंत्र म्हणते कान उत्तम आहे, दुसरे म्हणते इथे काहीच पोहोचत नाही, आणि खरे दोघेही बोलत असतात. जिथे नवजात बाळांची केवळ ओएई चाचणी करून त्यांना घरी पाठवतात, तिथे नेमकी हीच मुले निसटतात.

आता इंजेक्शनाकडे वळू. निरोगी जनुक पेशीत नेऊन सोडण्यासाठी एएव्ही नावाचा निरुपद्रवी विषाणू वाहन म्हणून वापरतात, पण या वाहनात जेमतेम पावणेपाच हजार अक्षरांएवढा मजकूर मावतो आणि ओटोफचा मजकूर सहा हजारांच्या घरात जातो. यावरची युक्ती मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत देखणी वाटते. जनुकाचे दोन तुकडे करायचे, दोन वेगवेगळ्या विषाणूंत भरायचे, दोन्ही एकत्र टोचायचे, आणि ज्या पेशीत दोन्ही पोहोचतील तिथे तुकडे एकमेकांना जोडले जाऊन पूर्ण प्रथिन तयार होईल अशी व्यवस्था करायची. इंजेक्शन म्हटल्यावर दंडात टोचायची सुई डोळ्यांसमोर येते, पण प्रत्यक्षात ही भूल देऊन केलेली शस्त्रक्रिया आहे. मध्यकर्णातून वाट काढत शल्यविशारद कॉक्लियाच्या गोल खिडकीपर्यंत जातो आणि तिच्या पडद्यातून अगदी थोडा द्राव हळूहळू आत सोडतो. तो द्राव एका थेंबाएवढा किंवा काही थेंबांएवढाच असतो, कारण त्याहून जास्त सामावून घेण्याइतकी जागाच आत नसते.

सांगितलेले काम हे इंजेक्शन करते का? करते, आणि इतके ठळकपणे करते की आमच्या क्षेत्रातील जुन्या माणसांनाही आधी विश्वास बसला नाही. शांघायमधील फुदान विद्यापीठाच्या नेत्र व कान-नाक-घसा रुग्णालयात सहा मुलांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष जानेवारी २०२४ मध्ये ‘द लॅन्सेट’ने प्रसिद्ध केले. सहापैकी पाच मुलांची श्रवणक्षमता परत आली आणि बेरा चाचणीतील त्यांचा सरासरी उंबरठा, म्हणजे प्रतिसाद मिळण्यासाठी लागणारा किमान आवाज, ४० ते ५७ डेसिबलनी सुधारला. त्याच महिन्यात फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयाने ११ वर्षांच्या एका मुलावरील उपचाराची बातमी दिली. जुलै २०२५ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये आलेल्या अभ्यासात १ ते २४ वर्षे वयाचे दहा रुग्ण होते, त्यांना ऐकू येणाऱ्या आवाजाची पातळी सरासरी १०६ डेसिबलवरून ५२ डेसिबलवर आली आणि बहुतेकांना पहिल्या महिन्यातच फरक जाणवला. रिजेनेरॉन कंपनीच्या डीबी-ओटीओ या उपचाराचे निष्कर्ष ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्यातही बारापैकी अकरा मुलांत सुधारणा दिसली.

हे आकडे ऐकणाऱ्याच्या बाजूने समजून घ्यायला हवेत. १०६ डेसिबल म्हणजे शेजारी यंत्राची करवत चालू असली तरच काहीतरी जाणवेल अशी अवस्था. ५२ डेसिबल म्हणजे समोरासमोरचे साधे बोलणे कानावर पडू लागते, मात्र मागच्या खोलीतून आलेली हळू हाक अजून ऐकू येत नाही, आणि अशा मुलाला श्रवणयंत्राचा चांगला उपयोग होतो. काही मुले याहून बरीच पुढे, जवळजवळ सामान्य पातळीपर्यंत गेली, हेही खरे. पण चित्रफितीतले मूल वळते ते आवाजाकडे. शब्दाकडे वळायला त्याला पुढे कित्येक महिन्यांचे भाषाशिक्षण लागते, आणि ते कोणत्याही कुपीत भरून मिळत नाही.

उणिवांपैकी सर्वांत मोठी उणीव व्याप्तीची आहे. जन्मजात आनुवंशिक बहिरेपणात ओटोफचा वाटा साधारण १ ते ८ टक्के मानला जातो. अशा बहिरेपणाचे सर्वाधिक आढळणारे कारण म्हणजे जीजेबी२ हे जनुक. ते आकाराने लहान असल्यामुळे एका विषाणूत आरामात मावते, तरीही त्याचा उपचार मागे पडला आहे, कारण ते आधार देणाऱ्या पेशींत काम करते आणि तिथे नेमके पोहोचणे व चुकीच्या पेशींत न शिरणे या दोन्ही गोष्टी साधाव्या लागतात. वयोमानाने किंवा कारखान्यातील गोंगाटाने केसपेशी गमावलेल्या माणसाला तर या इंजेक्शनाचा काडीचाही उपयोग नाही, कारण निरोप न्यायला तिथे पेशीच उरलेली नसते. साठीतल्या एका गृहस्थांना मी हे समजावून सांगितले, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, ‘‘म्हणजे आमच्या कानात दुकानच जळालंय.’’ वरची उपमा मी त्यांच्याच बोलण्यावरून बेतली आहे.

दुसरी उणीव टिकाऊपणाविषयीची. केसपेशी विभागत नाहीत, त्यामुळे आत गेलेले जनुक पातळ होत जाण्याचे कारण नाही आणि परिणाम दीर्घकाळ टिकावा अशी अपेक्षा सयुक्तिक आहे. पण माणसांतील पहिली मात्रा २०२२ च्या अखेरीस दिली गेली, म्हणजे आपल्याजवळचा अनुभव मोजक्या वर्षांचा आहे. शिवाय विषाणू एकदा शरीरात गेला की त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात आणि त्याच कानात तीच मात्रा पुन्हा देणे कठीण होऊन बसते. शांघायच्या सहांपैकी एका मुलाला काहीच फायदा झाला नाही, हेही विसरता येत नाही. सुरक्षिततेच्या बाबतीत मात्र आतापर्यंतचे चित्र समाधानकारक आहे. त्या चाचणीत नोंदले गेलेले बहुतेक दुष्परिणाम सौम्य होते आणि जिवावर बेतणारे काही घडले नाही.

तिच्याऐवजी हाताशी दुसरे काय आहे, हा प्रश्न इथे टाळता येत नाही, कारण कॉक्लियर इम्प्लांट चार दशकांहून अधिक काळ आपले काम चोख करत आहे. ते मृत किंवा मुक्या केसपेशींना वळसा घालून बारा ते बावीस इलेक्ट्रोडद्वारे तंतूला थेट विद्युतसंकेत देते, आणि बिघाड कोणत्या जनुकात आहे याची त्याला फारशी फिकीर नसते. ओटोफच्या मुलांतही त्याचा निकाल चांगला लागतो. त्याचा आवाज नैसर्गिक नसतो, गर्दीत आणि संगीतात ते अडखळते, बाहेरचा भाग आंघोळीला आणि झोपताना काढून ठेवावा लागतो, आतला भाग जन्मभर वागवावा लागतो. जनुकोपचार जमला तर यांतले काहीच नाही. मूल पाण्याखालीही स्वतःच्या कानाने ऐकते. तरीही जनुकोपचाराची वाट पाहत वर्ष-दोन वर्षे काहीच न करणे ही मला दिसणारी सर्वांत महाग चूक आहे. भाषेसाठी मेंदू सर्वांत उत्सुक असतो तो पहिल्या तीन वर्षांत, आणि ती वर्षे कोणाचीही वाट पाहत थांबत नाहीत. काही चाचण्यांमध्ये एका कानात इम्प्लांट आणि दुसऱ्या कानात जनुकोपचार असा मार्ग घेतला गेला. ओटोफचे निदान पक्के झालेल्या कुटुंबाने हा पर्याय शल्यविशारदापुढे स्वतःहून मांडावा असे मी सुचवते.

नॅनोकणांविषयी लिहिताना माझा सूर बदलतो. कल्पना रास्त आहे, आणि तिच्यामागची अडचण तर पूर्णपणे खरी आहे. रक्तातून दिलेले औषध आंतरकर्णात नीट उतरत नाही, कारण मेंदूभोवती असते तशीच एक गाळणी तिथेही असते. म्हणून अचानक बहिरेपणा आला की आम्ही रुग्णांना कानाच्या पडद्यातून मध्यकर्णात स्टिरॉइड टोचण्यासाठी पाठवतो. नंतर रुग्णाला कुशीवर झोपवून अर्धा तास गिळू नका, बोलू नका असे बजावतात, कारण प्रत्येक गिळण्याबरोबर औषध घशाकडे जाणाऱ्या नळीतून ओघळून जाते. जे उरते त्याला सुमारे ७० मायक्रोमीटर जाडीचा, तीन थरांचा गोल खिडकीचा पडदा ओलांडायचा असतो. औषध कणांत भरले तर ते खिडकीपाशी रेंगाळेल, पडदा ओलांडेल, आत सावकाश सुटत राहील, अशी ही योजना. त्यासाठी विघटनशील बहुवारिकाचे (पॉलिमरचे) कण, मेदाच्या पिशव्या, कायटोसान, सिलिका असे नाना प्रकार प्राण्यांत तपासले गेले, आणि लोहाचे चुंबकीय कण बाहेरून चुंबक लावून आत ओढण्याचे प्रयोगही झाले. युरोपीय संघाने ‘नॅनोइअर’ नावाचा मोठा प्रकल्प २००६ मध्येच हाती घेतला होता. वीस वर्षांनंतर गिनिपिग आणि उंदरांच्या कानांविषयीच्या शोधनिबंधांची थप्पी भरपूर झाली आहे, पण कोणत्याही रुग्णाला हे घ्या म्हणून मी देऊ शकेन अशी एकही नॅनोवस्तू माझ्या टेबलावर आलेली नाही.

याचे कारण माझ्या मते असे की, नॅनोकण हे वेष्टन आहे, आणि वेष्टनाच्या आत काय घालायचे हेच अनेकदा ठरलेले नसते. नॅनोकणांशी थेट संबंध नसलेली दोन उदाहरणे इथे बोलकी आहेत. चक्कर आणि कमी ऐकू येणे असा त्रास देणाऱ्या मेनिएर या आंतरकर्णाच्या विकारासाठी कानात घट्ट होऊन राहणारे स्टिरॉइडचे जेल बनवले गेले. औषध तिथे टिकले, पण २०१७ मध्ये तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत ते औषध नसलेल्या बनावट मात्रेहून (प्लासिबोहून) सरस ठरले नाही. आधार देणाऱ्या पेशींना जागवून नव्या केसपेशी उगवण्यासाठी आलेले एफएक्स-३२२ हे औषध सुरुवातीला फार गाजले, २०२१ मध्ये अडखळले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये पुढच्या चाचणीतही फसल्यावर कंपनीने ते सोडून दिले. याउलट सिस्प्लॅटिन या कर्करोगावरील औषधामुळे मुलांच्या कानांवर येणारे संकट कमी करण्यासाठी सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ज्याला मान्यता दिली, ते सोडियम थायोसल्फेट हे साधे क्षार आहे. सिस्प्लॅटिन देऊन झाल्यावर सहा तासांनी ते शिरेतून देतात, बस्स. त्यात नॅनो नाही, जनुक नाही, आणि त्याची चित्रफीत कोणी पाठवत नाही, कारण त्यामुळे कोणाला नव्याने ऐकू येत नाही, फक्त असलेले ऐकू येणे जात नाही.

एक गंमत इथे नोंदवावीशी वाटते. एएव्ही विषाणूचा व्यास साधारण २५ नॅनोमीटर असतो. म्हणजे कानाच्या उपचारात आतापर्यंत खऱ्या अर्थाने यशस्वी झालेला नॅनोकण हा निसर्गाने घडवलेला आहे. मानवनिर्मित कणांना जिथे खरी संधी दिसते ती जागाही जनुकांचीच आहे: ‘बीथोव्हेन’ असे नाव मिळालेल्या, वाढत्या वयासोबत बहिऱ्या होणाऱ्या उंदरांच्या कानात संशोधकांनी मेदकणांतून जनुकसंपादनाचे प्रथिन सोडले आणि सदोष प्रत बंद पाडून काही श्रवणक्षमता वाचवली, हे काम ‘नेचर’मध्ये २०१८ साली छापून आले. प्रथिन आपले काम करून विरून जाते, विषाणूने नेलेले जनुक मात्र पेशीत राहते, आणि संपादनासारख्या कात्रीच्या कामाला विरून जाणारे साधनच बरे. या वाटेकडे माझे लक्ष आहे.

तोवर एक इशारा. मध्यंतरी एका रुग्णाने मला एक काचेची बाटली आणून दाखवली. लेबलवर सोनेरी अक्षरांत ‘नॅनो’ असे छापलेले, आत तेलकट पिवळसर द्राव, आणि रोज रात्री तीन थेंब कानात घालायची सूचना. विकणाऱ्याने सहा महिन्यांत श्रवणयंत्र सुटेल असे सांगितले होते. कानाच्या नळीत घातलेला थेंब पडद्यापाशी थांबतो, पडदा शाबूत असेल तर तो मध्यकर्णातही जात नाही, मग कॉक्लियाची गोष्ट दूरच. मी त्यांचा ऑडिओग्राम, म्हणजे श्रवणाचा आलेख, पुन्हा काढला. आधीच्या आणि नंतरच्या रेषा एकमेकींवर तंतोतंत बसल्या, फरक एवढाच की तेलाने मळ फुगून एका कानाचे भोक बंद झाले होते आणि तो काढून घेईपर्यंत मला तपासणी सुरू करता आली नव्हती.

तेव्हा वस्तू म्हणून माझा कौल असा आहे: ओटोफचा जनुकोपचार उत्कृष्ट, पण अत्यंत अरुंद, आणि आजवर प्रामुख्याने वैद्यकीय चाचण्यांतूनच मिळत आलेला. नॅनोकण अजून प्रयोगशाळेतले, खरेदीच्या यादीत न धरण्याजोगे. कॉक्लियर इम्प्लांट आणि श्रवणयंत्र ही आजची भरवशाची साधने. मोबाइल पुढे करणाऱ्या वडिलांना मी हल्ली चित्रफितीवर भाष्य करण्याऐवजी आधी विचारते की बाळाची बेरा झाली आहे का. बहुतेकदा ते पिशवीतून जन्माच्या वेळचा कागद काढतात आणि त्यावरच्या शब्दाकडे बोट दाखवतात: ओएई, दोन्ही कान, उत्तीर्ण. मग मी त्याच कागदाच्या पाठीमागे दोन ओळी लिहून देते, बेरा चाचणी याच आठवड्यात आणि रेघ सपाट आली तर बहिरेपणाच्या जनुकांची रक्ततपासणी, आणि झोपेच्या वेळेला बाळाला घेऊन या असे सांगते.